बघ्यांसमोर मोडलेली मैत्री

गेल्या दहा वर्षांत माझे तीन मित्र दुरावले. तिघेही हयात आहेत, तिघांचेही नंबर फोनमध्ये आहेत. एकाशी शब्दाला शब्द लागून वाजलं. दुसऱ्याशी एका पक्षापायी अबोला धरला गेला. तिसरा काहीच न बोलता निघून गेला, आणि त्याचं जाणं मला अजून सलतं. चौथा मात्र टिकला. त्याची आणि माझी मतं तर या तिघांपेक्षाही लांबची आहेत. २०१४ पासूनच्या प्रत्येक निवडणुकीत त्याच्या मताने माझं मत खोडलं आहे आणि माझ्याने त्याचं.

या चौथ्याचं कराडात खतं-बियाणांचं दुकान आहे. रविवारी सकाळी प्रीतिसंगमावर फिरून आलो की आम्ही त्याच्या दुकानापुढच्या कट्ट्यावर बसतो. शटर अर्धं वर असतं, आतून युरियाचा आणि तागाच्या पोत्यांचा वास येत असतो. तो त्याचं वर्तमानपत्र आणतो, मी माझं. माझ्या पेपराच्या अग्रलेखाने त्याचं डोकं फिरतं, त्याच्या पेपराच्या मथळ्याने माझं. अकरा वर्षं झाली, आम्ही पेपरांची अदलाबदल करतो आणि चहा येईपर्यंत एकमेकांचा पेपर वाचतो. मग भांडतो. गिऱ्हाईक आलं की थांबतो.

राजकीय मत उलटं असलेल्या माणसाशी मैत्री टिकते का, हा प्रश्न हल्ली लग्नाच्या पंगतीत ऐकू येतो तसा एसटीच्या थांब्यावरही ऐकू येतो. त्याची दोन उत्तरं लोकांकडे तयार असतात. एक, राजकारणाचा विषयच काढू नका. दुसरं, असली मतं असलेला माणूस मित्र हवाच कशाला. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात मैत्री पोकळ होते, दुसऱ्यात माणूस एकटा पडतो. या विषयावर जे काही वाचलं, पाहिलं आणि स्वतः भोगलं, त्यावरून माझं मत असं झालं आहे की नुसत्या मतभेदाने मैत्री क्वचित मोडते. त्या मतभेदाला बघे मिळाले की मोडते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर टिळक-आगरकरांपासूनच सुरुवात करावी लागते. दोघं डेक्कन कॉलेजात भेटले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या सोबतीने १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं, पुढच्या वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात दोघांना शिक्षा झाली आणि १८८२ मध्ये मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. आधी समाज सुधारायचा की आधी स्वराज्य, हा वाद तेव्हाही होताच. तुरुंगातल्या रात्री त्यांनी वाद घालण्यात आणि पुढच्या संस्थांचे बेत करण्यात घालवल्या. मतं काही बाहेर आल्यावर बदलली नाहीत. तरी त्या काळात मैत्री शाबूत होती, किंबहुना त्यानंतरच दोघांनी मिळून १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं केलं.

मग काय बिघडलं? १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’चं संपादकपद सोडलं आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. आपण शाळेत शिकतो ते कारण म्हणजे समाजसुधारणा की राजकारण. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. टिळकांनी राजीनाम्यात जी कैफियत मांडली तिचा मोठा भाग संस्थेच्या शिस्तीचा आहे. आजीव सदस्यांनी पोटापुरतं वेतन घ्यावं, बाहेरच्या कमाईच्या मागे लागू नये, असा त्यांचा आग्रह होता आणि इतरांना तो जाच वाटत होता. एकत्र काम करताना जो नियम दोघांनी मिळून मानला होता तो मोडला, असं एकाला वाटलं. मनं दुखावली ती इथे. मग संमतिवयाच्या विधेयकाच्या वेळी, १८९१ च्या आगेमागे, हीच दुखावलेली मनं दोन वर्तमानपत्रांतून बोलू लागली. सनातनी मंडळींनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, इतका पुण्याचा पारा चढला होता.

डोंगरीच्या खोलीत तिसरं कोणी नव्हतं. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ला वाचक होते, वर्गणीदार होते, आपापल्या बाजूचे टाळ्या पिटणारे होते. वाद तोच, माणसं तीच. पण आता एकाने नमतं घ्यायचं तर साऱ्या पुण्यासमोर घ्यायला हवं होतं. १७ जून १८९५ ला आगरकर गेले तेव्हा त्यांना एकोणचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला, तो लिहिताना त्यांना अश्रू आवरत नव्हते असं सांगतात. वीस वर्षांनी, फेब्रुवारी १९१५ मध्ये, गोखल्यांच्या अंत्यविधीलाही टिळक आले आणि सुरतेला १९०७ मध्ये ज्यांच्याशी उभा दावा मांडला गेला होता त्या गोखल्यांना त्यांनी हिऱ्याची उपमा दिली. विरोधकाच्या मयताला जायचं ही आपल्याकडची जुनी आणि चांगली रीत आहे. पण जाणाऱ्याला ते शब्द ऐकू येत नाहीत, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

उलट बाजूचं उदाहरण अमेरिकेत सापडतं. जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन हे तिथल्या स्वातंत्र्यलढ्यातले सोबती. १८०० च्या अध्यक्षीय निवडणुकीत दोघं एकमेकांविरुद्ध उभे राहिले, जेफरसन जिंकले, आणि पुढे कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. बेंजामिन रश या दोघांच्या स्नेह्याने मध्यस्थी केली. १८१२ च्या पहिल्या दिवशी ॲडम्सनी पत्र लिहिलं आणि त्यानंतर चौदा वर्षांत दोघांमध्ये दीडशेच्या वर पत्रं गेली-आली. मतभेद मिटले नव्हते, उलट पत्रांत ते सविस्तर मांडलेले आहेत. पण आता दोघंही सत्तेबाहेर होते, म्हातारे होते, आणि लिहीत होते ते एकमेकांसाठी. दोघं वारले तेही एकाच दिवशी, ४ जुलै १८२६ ला.

हे वाचत असताना मला माझा पहिला मित्र आठवत राहिला. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. आमच्या दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ऐंशीच्या आसपास माणसं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी त्याने तिथे एक मजकूर टाकला. तो चुकीचा होता असं मला आजही वाटतं. मी तो मुद्द्यांनिशी खोडून काढला. कुणी अंगठा दाखवला, कुणी टाळ्या. त्याने उत्तर दिलं, त्यालाही टाळ्या मिळाल्या. तासाभरात चाळीस-पन्नास निरोप झाले आणि त्यात मी त्याच्या नोकरीवरून, त्याच्या वडिलांच्या जुन्या पक्षावरून असं काही लिहिलं की जे कट्ट्यावर त्याच्या तोंडाकडे बघून माझ्या जिभेवर आलंच नसतं. रात्री तो ग्रुपमधून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी मी फोन केला, त्याने उचलला नाही. त्या तासाभरात मी त्याच्याशी बोलतच नव्हतो. बाकीच्यांना दाखवत होतो.

समाजमाध्यमांवर विरोधी मत कानावर पडलं की माणूस मवाळ होतो, अशी एक भाबडी आशा होती. समाजशास्त्रज्ञ ख्रिस बेल यांच्या चमूने ती तपासली. ट्विटर वापरणाऱ्या अमेरिकनांना महिनाभर विरोधी बाजूचे संदेश देणारं खातं पाहायला लावलं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले: रिपब्लिकन मंडळी आधीपेक्षा अधिक कडवी झाली होती, डेमोक्रॅटही काही मवाळ झाले नव्हते. नुसतं ऐकू येणं आणि कुणीतरी समोर बसून सांगणं यात फार अंतर आहे. आपल्याकडे त्याच वर्षी, अफवांवरून झालेल्या हत्यांनंतर, व्हॉट्सॲपने एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. अफवांसाठी ती कामाची असेल, पण ऐंशी जणांसमोर झालेला पाणउतारा एकदाच होतो आणि पुरतो.

मात्र बघे असले की सगळं बिघडतंच असंही नाही, आणि माझ्या म्हणण्याला इथे मुरड घालावी लागते. आमच्याच कराडात डिसेंबर १९७५ मध्ये साहित्य संमेलन भरलं. आणीबाणी चालू होती. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनी त्याच व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीविरुद्ध स्पष्ट शब्दांत बोलून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. हजारो माणसं समोर होती. यशवंतरावांनी यजमानपण सोडलं नाही. त्या दोघांची मैत्री होती असं मी म्हणणार नाही, आणि पुढे दुर्गाबाईंना अटक झाली हेही विसरता येत नाही. पण त्या मंडपात एक रीत होती: अध्यक्ष बोलेल, यजमान ऐकेल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात रूथ बेडर गिन्सबर्ग आणि अँटोनिन स्कॅलिया या दोन न्यायमूर्तींचं असंच. तीव्र शब्दांत परस्परविरोधी निकालपत्रं लिहिणारे हे दोघं घरच्यांसह नववर्षाचं स्वागत एकत्र करत, ऑपेराला एकत्र जात. १९९४ मध्ये भारतात येऊन दोघं एकाच हत्तीवर बसल्याचा फोटो प्रसिद्ध आहे. निकालपत्राला कायद्याची चौकट असते, तिथे कुणाच्या वडिलांचा उद्धार करता येत नाही. बघ्यांना रीत असेल तर त्यांची सभा होते. नसेल तर तो चव्हाटा.

राजकारणातल्या विरोधकांच्या मैत्रीचे किस्से आपल्याकडे कौतुकाने सांगितले जातात. बाळासाहेब ठाकरे आणि शरद पवार यांचा तर सगळ्यांना पाठ आहे. भाषणात मैद्याचं पोतं म्हणायचं आणि घरी जेवायला बोलवायचं. २००६ मध्ये सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा बाळासाहेबांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला नाही; पवारांनी आत्मचरित्रात हे लिहिलं आहे. मला हे किस्से आवडतात. पण ते आदर्श म्हणून पुढे ठेवले की मी अस्वस्थ होतो. नेत्यांचा धंदा एक असतो, रोजची गाठभेट असते, उद्या लागेल म्हणून दार किलकिलं ठेवणं दोघांच्याही सोयीचं असतं. कार्यकर्त्याला ही मुभा नसते. त्याच्यावर केस पडते, त्याचं डोकं फुटतं, त्याच्या चुलत्याशी बोलणं तुटतं. वर गळाभेटी होतात आणि खाली बांधावरची भांडणं दोन पिढ्या चालतात.

माझा दुसरा मित्र असाच गेला. तो बूथवर राबणारा, पदरचं खाऊन पक्षाचं काम करणारा. २०१९ च्या विधानसभेला त्याच्या उमेदवाराच्या पत्रकावर काही शिक्षकांची नावं हवी होती. मी नाव द्यायला नकार दिला, कारण तो पक्ष मला मान्य नव्हता. “एवढ्या वर्षांच्या मैत्रीची एवढीच किंमत?” असं विचारून तो गेला. त्याला ती मैत्रीची परीक्षा वाटली, मला ती मताची वाटली. निकाल लागला, आणि महिनाभरानंतर, २८ नोव्हेंबरला, शिवाजी पार्कवर त्याचा पक्ष आणि माझ्या पसंतीचा पक्ष एकाच मंचावर शपथ घेत होते. पुढे जून २०२२ मध्ये त्याचा पक्ष फुटला, जुलै २०२३ मध्ये आणखी एक फुटला, आणि कोण कुणाच्या बाजूला हे सांगायला कागद घ्यावा लागू लागला. ज्यांच्यासाठी आम्ही बोलणं टाकलं ते सगळे जागा बदलून बसले. आम्ही दोघं मात्र त्या पत्रकाच्याच ठिकाणी उभे आहोत. महाराष्ट्रातल्या किती गावांत, किती घरांत हेच झालं असेल याचा विचार केला की छातीत कळ येते.

या बाबतीत परदेशातलं संशोधन आपल्याला जपून वापरावं लागतं. राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार यांच्या गटाने दाखवून दिलं की १९६० मध्ये आपल्या मुलाने किंवा मुलीने विरोधी पक्षाच्या घरात लग्न केलेलं खटकेल असं म्हणणारे अमेरिकन शंभरात चार-पाच होते. २०१० मध्ये डेमोक्रॅटांपैकी साधारण तिसरा हिस्सा आणि रिपब्लिकनांपैकी जवळजवळ निम्मे तसं म्हणत होते. तिथे पक्ष हीच जात होऊ लागली आहे. आपल्याकडे जात आधीपासून आहे आणि पक्ष येतात-जातात. सोयरीक जुळवताना अजून तरी कुणी पक्ष विचारत नाही, कारण त्याआधीचं सगळं विचारून झालेलं असतं. प्यू या अमेरिकी संस्थेने २०१९-२० मध्ये भारतभर सुमारे ३०,००० लोकांशी बोलून केलेल्या पाहणीत ८६ टक्के हिंदूंनी आणि तितक्याच मुसलमानांनी सांगितलं की आपले जवळचे मित्र सगळे किंवा बहुतेक आपल्याच धर्माचे आहेत. म्हणजे आपण ज्याला विरोधी मताचा मित्र म्हणतो तो बहुधा आपल्याच आळीतला, आपल्याच पंगतीतला असतो. त्याच्याशी भांडणं त्या मानाने सोपं आहे.

आळीबाहेरची मैत्री कशी होते, यावर उत्तर प्रदेशात एक सुंदर प्रयोग झाला आहे. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने १,२०० हून अधिक तरुणांना घेऊन क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या. संघ चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले, काही एकाच जातीचे, काही मिश्र. जे एका संघातून खेळले त्यांच्यात जातीपलीकडची दोस्ती वाढली. पण समोरच्या संघात दुसऱ्या जातीची मुलं जितकी जास्त, तितकी अशी दोस्ती घटली. संपर्क दोन्हीकडे होता. एकीकडे धाव मिळून काढायची होती, दुसरीकडे समोरच्याला बाद करायचं होतं. संयुक्त महाराष्ट्र समितीत १९५६ पासून कॉम्रेड डांगे, समाजवादी एसएम जोशी, आचार्य अत्रे, दादासाहेब गायकवाड ही एरवी एका मांडवात न येणारी माणसं नांदली ती याच बळावर. १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि समिती विरत गेली. आणीबाणीत येरवड्याला संघवाले आणि समाजवादी एकाच तुरुंगात होते, तिथे जुळलेले स्नेह पुष्कळांनी आयुष्यभर जपले. बाहेर येऊन एकच जनता पक्ष केल्यावर मात्र १९७९ मध्ये दुहेरी सदस्यत्वाच्या वादात तो पक्ष फुटला. गावाकडे हे सगळ्यांना न शिकवता ठाऊक असतं. सोसायटीच्या निवडणुकीत एकमेकांची पॅनलं पाडणारे दोघं रात्री एकाच डीपीचा फ्यूज टाकायला जातात, कारण पाणी दोघांच्याही उसाला हवं असतं.

आता तिसऱ्या मित्राचं. हे लिहायला मी सगळ्यात जास्त वेळ घेतला.

तोही आमच्याच तुकडीतला, त्याच ग्रुपवर. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, दिल्लीच्या तबलिगी मरकजवरून मुसलमान मुद्दाम साथ पसरवतात असे व्हिडिओ फिरत होते. आमच्या ग्रुपवर दिवसाला पाच-सहा येत. फळांना थुंकी लावणारा, ताटं चाटणारा. एका दुपारी त्याने एक ओळ लिहिली: “मीपण याच ग्रुपवर आहे रे.” त्याखाली कुणी काही लिहिलं नाही. मी वाचलं होतं, निळ्या खुणा त्याला दिसल्या असतील. उत्तर काय द्यावं याचा विचार करत मी फोन ठेवून दिला. संध्याकाळी पुढचा व्हिडिओ आला. सकाळी तो ग्रुपमध्ये नव्हता. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हटलं, आणि माध्यमांतल्या अपप्रचारावर ताशेरे ओढले. ती बातमी मी ग्रुपवर टाकली. तोवर ज्याला ती दिसायला हवी होती तो गेलेला होता.

माझी त्याची मतं जुळत होती, बरं का. व्हिडिओ टाकणाऱ्यांशी माझं जुळत नव्हतं. तरी दुरावला तो, आणि दुरावला माझ्या गप्प बसण्याने. त्या दुपारी बघ्या मी होतो.

म्हणून सगळे मतभेद एका तागडीत घालायला माझा ठाम विरोध आहे. कर वाढावा की कमी व्हावा, धरण कुठे व्हावं, कोणत्या नेत्याने राज्य करावं, यावर मित्र कडाक्याने भांडोत. पण एकाच्या मतामुळे दुसऱ्याचं इथलं राहणंच संशयाचं ठरत असेल तर दोघांच्या वाट्याला सारखं काही येत नाही. एकाला ती चर्चा असते, दुसऱ्याला रात्रीची झोप. अशा वेळी ज्याला झळ लागते त्याला निघून जायचा हक्क आहे, आणि त्याने कारणही सांगायला नको. २०२३ च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीत आरक्षणाच्या आंदोलकांवर झालेल्या लाठीमारानंतर मराठवाड्यात मराठा आणि ओबीसी यांच्यात जी तेढ वाढली तिच्यात गावागावांतले जुने घरोबे ताणले गेले. तिथे दोन्ही बाजूंना आपलंच काही हिरावलं जातंय असं वाटत होतं. बाहेर बसून त्यांना सलोख्याचे धडे देणं मला जमणार नाही.

या बाबतीत मला १९२७ मधला महाडचा प्रसंग फार मोलाचा वाटतो. जेधे आणि जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला, अट एकच: ब्राह्मणांना त्यातून वगळा. बाबासाहेबांनी ती अट मानली नाही. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण माणसांना नाही, ही त्यांची भूमिका होती. आणि डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली तेव्हा त्यात ब्राह्मण असलेले गंगाधर सहस्रबुद्धे पुढे होते. ज्यांनी सगळ्यात जास्त सोसलं त्यांच्याकडून हे आलं. ते इतरांनी त्यांच्याकडे मागायचं नसतं, एवढं मात्र आपण ध्यानात ठेवायला हवं.

चौथ्याकडे परत येतो, कारण काय चालतं हे मी त्याच्याच कट्ट्यावर पाहिलं. २०२४ च्या विधानसभेची धामधूम होती. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात सोयाबीन त्याच्या कितीतरी खाली जात होतं. मी तावातावाने म्हणालो, सरकार शेतकऱ्याला फसवतंय. तो सरकारच्या बाजूचा. एरवी त्याने मागच्या सरकारची उणीदुणी काढली असती. त्या दिवशी त्याने विचारलं, “बरं, खरेदी कशी होते सांग. केंद्रावर माल नेल्यावर काय होतं?” मला पहिल्या दोन पायऱ्यांपुढे सांगता येईना. मग त्यानेच सांगितलं. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर माल परत. यंदा पाऊस लांबला, माल ओला, वाळवायला जागा नाही, घेणेकरी दारात. शेतकरी थांबू शकत नाही, म्हणून व्यापाऱ्याला देतो. हे सांगता सांगता तोच थबकला आणि म्हणाला, “म्हणजे नियमच असा केलाय की गरजेच्या वेळी उपयोग नाही.” पुढे नोव्हेंबरात ती मर्यादा १५ टक्के झाली. त्या सकाळी मला माझं अज्ञान कळलं आणि त्याला त्याच्या बाजूची खोट. मतदान आम्ही आधी ठरवलं होतं तसंच केलं.

फिलिप फर्नबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नेमकं हेच प्रयोगाने दाखवलं होतं, हे मला नंतर वाचनात आलं. एखादं धोरण तुम्हाला का हवं असं विचारलं की माणूस आपल्या मतावर तसाच ठाम राहतो. ते पायरी-पायरीने कसं चालतं हे समजावून सांगा म्हटलं की आपल्याला किती थोडं ठाऊक आहे हे त्याचं त्यालाच उमगतं आणि तो मवाळ होतो. ‘का’ने माणूस वकील होतो. ‘कसं’ विचारलं की त्याला शेताच्या बांधावर उतरावं लागतं. खतविक्रेत्याला हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं, कारण त्याच्याकडे येणारा प्रत्येक शेतकरी त्याला ‘कसं’च विचारतो.

अशा मैत्रीची किंमतही असते, ती लपवू नये. डायना मट्झ या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी २००६ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की ज्यांच्या ओळखीपाळखीत विरोधी मताची माणसं जास्त असतात ते अधिक सहिष्णू असतात, दुसऱ्या बाजूची कारणं त्यांना सांगता येतात. पण राजकारणात ते कमी उतरतात. मोर्चाला जायचं तर मित्राचा चेहरा आठवतो, पाय मागे येतो. माझंही तसं झालं आहे. तरुणपणी मी भिंती रंगवल्या आहेत, आता रंगवत नाही. हे वयाने झालं की रविवारच्या कट्ट्याने, याचा निवाडा मला करता येत नाही. सगळेच असे मऊ झाले तर अन्यायाविरुद्ध आवाज कोण उठवणार, हा आक्षेप खरा आहे आणि आंदोलनातली तरुण मुलं तो माझ्या तोंडावर घेतात तेव्हा मी ऐकून घेतो. तरीही मी कट्टा सोडणार नाही. आगरकरांसारखं लिहायला माणूस हवा, हे मान्य. पण त्याला रात्री दार ठोठावता येईल असा एक टिळकही हवा, आणि ते दार उघडताना गल्ली जमा झालेली नसावी.

तिसऱ्या मित्राला मी गेल्या वर्षी पत्र लिहिलं. फोनवर नाही, कागदावर, चार पानं. त्या दुपारी मी वाचलं होतं आणि गप्प बसलो, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. उत्तर आलेलं नाही. आलंच पाहिजे असंही नाही.

पहिल्या मित्राची आई मागच्या महिन्यात गेली. मला भलत्याच कुणाकडून कळलं. दहाव्याला मी त्याच्या गावी नदीवर गेलो. तो डोकं तासून ओल्या धोतरात घाटाच्या पायरीवर बसला होता, पिंड ठेवलेला होता आणि सगळे कावळ्याची वाट बघत होते. मी गर्दीत मागे उभा होतो. त्याने मान वळवून पाहिलं, काही बोलला नाही, शेजारच्या पोराला खूण केली. पोराने पायरीवरचा टॉवेल उचलून माझ्यासाठी जागा केली. अर्धा तास आम्ही शेजारी बसून होतो. कावळा शिवेना. मग तो हळूच म्हणाला, “आईनं तुझं नाव काढलं होतं मधी. डबा खायला येत नाही का तो आता, म्हणून.” मी हात जोडून मनातल्या मनात तिला येतो म्हणालो.

निघताना त्याने डिकीत गुळाची एक ढेप ठेवली. ग्रुपचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, “तेराव्याला वहिनींना घेऊन ये.”